बागेत रोज नवे खड्डे, कोणाचं काम असेल?

निवडुंग
लोकहो, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतेय. घरामागे बाग आहे. मधे लॉनचा तुकडा, एका अंगाला भाजीचे वाफे, मागे दगडी कंपाउंड आणि त्यापलीकडे झाडोरा नि मोकळं रान. बरेच दिवस झाले, रोज सकाळी कुठे ना कुठे नवा खड्डा दिसतो. आवाज कधी ऐकू आला नाही, जनावर कधी दिसलं नाही. शेजारच्या काकूंनी "सापाचं बीळ आहे, त्या बाजूला फिरकू नका" असं सांगून घरातल्या सगळ्यांची झोप उडवली आहे. हे कोणाचं काम आहे ते कसं ओळखायचं? फोटो टाकतेय.

खोडसाळ_खार
मी नाही त्यातली, कडी लावा आतली.

सरळसोट
घूस. शंभर टक्के. औषध टाका, विषय संपला.

आजीचा_बटवा
डांबराच्या गोळ्या ठेवून बघा बिळाच्या तोंडाशी. तिखटाची पूड पण टाकतात.

फुलपाखरू
फोटोवरून मुंगूस वाटतंय. आमच्याकडे होतं.

खोडसाळ_खार
दोन जनावरं, एक औषध आणि एक पूड. निदान अजून कोणीच केलेलं नाही. जय हो.

माळरान
अहो, जरा थांबा. फोटोत तीन वेगळ्या प्रकारचे खड्डे दिसताहेत आणि आपण सगळे एकाच आरोपीच्या मागे लागलोय.

आधी सापाचं मिटवून टाकू, म्हणजे घरचे झोपतील. नाग, धामण वगैरे आपल्या ओळखीचे साप बीळ खणत नाहीत. त्यांना खणायला पायच नाहीत. ते उंदरा-घुशीच्या आयत्या बिळात शिरतात. म्हणजे खड्डा सापाने केलेला नाही हे नक्की, पण आत साप नाही असं त्यावरून ठरत नाही. बिळात हात घालायचा नाही. काठी खुपसून ढवळायचंही नाही.

आता मुद्द्याचं. खड्डा दिसला की पहिला प्रश्न "कोणी केला" हा नको. "कशासाठी केला" हा विचारा. जनावर दोनच कारणांनी जमीन खणतं, राहायला किंवा खायला. (तिसरं कारण म्हणजे पुरून ठेवायला, ते खार आणि कुत्रा करतात, ते नंतर बघू.) राहायचं बीळ आत जातं, वळतं, त्याच्या तोंडाशी माती साठते आणि ते रोज नवं होत नाही. खाण्यासाठी केलेली उकर उथळ असते, तिला तळ दिसतो, एका रात्रीत दहा होतात आणि दुसऱ्या दिवशी जनावर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तुमच्या फोटोंत दोन्ही आहेत.

एवढं सांगा:
खड्ड्याशेजारी पेन किंवा काडेपेटी ठेवून पुन्हा फोटो काढा. नुसत्या फोटोत मुठीएवढं भोक आणि बादलीएवढं भोक सारखंच दिसतं.
माती कुठे पडली आहे? एकाच बाजूला, चहूकडे, की ढीगच नाही?
काय गेलं आणि काय उरलं? पानं, देठ, कंदाची साल, किड्यांचे तुकडे, काहीही.
तुम्ही सकाळी किती वाजता बघता? आणि रात्री झोपण्यापूर्वी कधी टॉर्च घेऊन पाहिलं आहे का?
कंपाउंडला खालून फट आहे का?
घरात किंवा शेजारी कुत्रा-मांजर आहे का?

शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. "रानटी जनावर" म्हणून आलेल्या तक्रारींत निम्म्या वेळा शेजारचा कुत्रा निघतो.

सरळसोट
एवढ्या चौकशीत घूस पिल्लं घालून मोकळी होईल.

निवडुंग
@माळरान, खूप आभार. सगळं बघून आले.

१) लॉनमध्ये: उथळ खड्डे, वर रुंद आणि खाली निमुळते. काडेपेटी उभी केली तर अर्धी-पाऊण आत जाते. मातीचा ढीग नाही, गवताचे तुरे इकडेतिकडे उडालेत. एका दिवसात पाच-सहा तरी नवे.

२) कंपाउंडच्या पायाशी: गोल भोक, माझी मूठ जेमतेम जाईल (घातली नाही!). तोंडाशी भुसभुशीत मातीचा चांगला टोपलीभर ढीग. तिथून चार-पाच पावलांवर दुसरा तसाच ढीग आहे, पण तिथे भोकच नाही, माती आतून दाबल्यासारखी बसली आहे.

३) रताळ्याच्या वाफ्यात: मोठी उलथापालथ. वेल उपसून बाजूला पडलेत, रताळी गायब. एक अर्धवट खाल्लेलं मिळालं, त्यावर रुंद, सपाट दातांच्या खुणा आहेत, बोथट पटाशीने तासल्यासारख्या. शेजारच्या मिरचीच्या रोपांना हातही लावलेला नाही.

कुत्रा नाही. एक मांजर येते-जाते. कंपाउंडला मागच्या कोपऱ्यात पाणी जायला जागा ठेवली आहे, तिथून कुत्र्याचं मोठं पिल्लू सहज येईल. सकाळी मी साधारण आठला बागेत जाते. रात्री कधी पाहिलं नाही.

माळरान
हे उत्तम निरीक्षण आहे. अर्धं काम झालं.

दोन नंबरची नक्कल करणं अवघड आहे. गोल तोंड, मोकळ्या मातीचा ढीग आणि जवळच आतून बुजवलेलं दुसरं तोंड, ही लहान घुशीची सवय. ती बिळात असताना तोंड मातीने बंद करून घेते. मोठी घूस, म्हणजे गटाराच्या आसपास दिसणारी, किलोभर वजनापर्यंत जाणारी, तिचं तोंड याहून मोठं असतं आणि ती सहसा पाया, गटार, जिन्याखालची जागा धरते. लहान घूस शेतात आणि बागेत. ती बिळात धान्य साठवून ठेवते. तोंडं अनेक असली तरी बहुधा एका बिळात एकच मोठं जनावर असतं, त्यामुळे पाच ढीग दिसले म्हणून पाच घुशी समजू नका.

बीळ वापरात आहे का ते असं बघा: संध्याकाळी उघड्या तोंडात वाळलेल्या पानांचा बोळा हलकेच बसवा. सकाळी बोळा बाहेर ढकललेला असेल किंवा आत ओढलेला असेल तर वस्ती आहे. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर बीळ रिकामं.

एक आणि तीन हे घुशीचं काम वाटत नाही. तीनबद्दल मला अंदाज आहे, पण आत्ता बोलत नाही. त्या पाणी जायच्या जागेपाशी नीट बघा. काटा, केस, लेंड्या, काहीही.

दूरदेशी
मी परदेशात राहते, इथला अनुभव. लॉनवर निमुळते उथळ खड्डे म्हणजे आमच्याकडे स्कंक. रात्री येतो आणि नाक खुपसून किडे काढतो. रकून असेल तर तो खड्डे करत नाही, गवताचा थर गालिच्यासारखा गुंडाळून ठेवतो. ज्वालामुखीसारखे मातीचे ढिगारे आणि पायाखाली दबणाऱ्या लांब रेषा दिसल्या तर मोल. लोक मोलवर रोपं खाल्ल्याचा आळ घेतात, पण तो गांडुळं आणि किडे खातो. मुळं कुरतडणारा व्होल, त्याची भोकं छोटी आणि ढिगाशिवाय. यातलं काही असेल का?

माळरान
आपल्या भागात मोल नाही, स्कंक-रकूनही नाहीत. पण तुमच्या प्रतिसादातली एक गोष्ट जगात कुठेही लागू पडते: लॉनवरच्या उथळ, निमुळत्या उकरी म्हणजे गवताच्या मुळाशी खायला किडे आहेत. उकरणारा बदलतो. कुठे स्कंक, कुठे बिज्जू, कुठे आर्माडिलो, कुठे मुंगूस. ताटात वाढलेलं मात्र तेच असतं.

अळूचं_पान
हुमणी! मी हेच लिहायला आले होते.

निवडुंगताई, लॉन कुठे कुठे पिवळं पडलंय का? पाणी घालूनही सुकल्यासारखं? तसं असेल तर खुरपं घ्या आणि साधारण फूटभर चौकोनाच्या तीन बाजू कापा. गवत पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटतं. मुळं खाल्लेली असतील तर ते कापायच्या आधीच हाताला सुटून येतं. खालच्या तीनचार बोटं मातीत बघा. पांढरट, जाडसर, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, डोकं तपकिरी, पुढे सहा पाय: ती हुमणी, भुंगेऱ्याची अळी. बोट लावलं की आणखी वळते. फूटभर जागेत एक-दोन निघाल्या तर दुर्लक्ष करा, निरोगी गवत तेवढं सोसतं. आठ-दहा निघाल्या तर खड्ड्यांची चिंता सोडा आणि अळीची करा.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती तपकिरी भुंगेरे धडका देतात ना, त्यांचीच ही पिल्लावळ. ते मातीत अंडी घालतात आणि अळ्या महिनोन् महिने मुळं खात बसतात.

खोडसाळ_खार
म्हणजे लॉनवर कोणी तरी फुकट कीडनियंत्रण करून देतंय आणि आपण त्याच्यावर धागा काढलाय.

निवडुंग
उलटलं! सात निघाल्या. एवढ्याशा तुकड्यात! आणि हो, तिथलं गवत खरंच पिवळं पडलं होतं, मी समजत होते पाणी कमी पडतंय.

पानांचा बोळाही लावला होता, सकाळी वीतभर लांब पडलेला मिळाला. म्हणजे घूसबाई घरी आहेत.

सरळसोट
बघा, मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. आता बिळात ती धुराची गोळी टाका आणि तोंड बुजवा. एका रात्रीत काम.

माळरान
ते अजिबात करू नका. हे मी ठासून सांगतोय.

तुम्ही ज्या गोळ्या म्हणताय त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. माणसाला झालेल्या विषबाधेवर त्याचा उतारा उपलब्ध नाही. हे बीळ कंपाउंडच्या पायाशी आहे, फटींतून वायू कुठे जाईल ते तुमच्या हातात नाही. घराजवळ ही गोळी वापरायचीच नसते.

आणि आमिषातलं विष, रक्त पातळ करणारं, तेही सोपं समजू नका. घूस ते खाऊन लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरते. नेमकी तशी घूस घुबडाच्या आणि मांजराच्या हाती लागते. मग विष त्यांच्या पोटात. निवडुंग यांच्याकडे मांजर येते-जाते हे त्यांनी वर लिहिलंय.

सरळसोट
मग काय आरती करायची?

माळरान
पिंजरा लावायचा. बिळाच्या तोंडापासून भिंतीकडेने जी वाट पडलेली असते त्या वाटेवर, भिंतीला चिकटून. घूस मोकळ्यावरून जात नाही, कडेकडेने जाते. पहिल्या एक-दोन रात्री पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवा, खाऊ दे, नव्या वस्तूला ती बिचकते. मग चाप लावा. रोज सकाळी पिंजरा बघायचा, जनावर उन्हात तडफडत ठेवायचं नाही. हातमोजे घालूनच हात लावा. उंदीर-घुशीच्या मुतातून लेप्टो पसरतो आणि हाताला खरचटलेलं असेल तर ओल्या मातीतूनही लागतो. बागकाम करणारे हे विसरतात.

@आजीचा_बटवा, राग मानू नका, पण डांबराच्या गोळ्यांनी काही होत नाही. उघड्यावर वास उडून जातो, आणि त्यातलं नॅप्थलीन माती, मूल, मांजर, कुणालाच चांगलं नाही. तिखट पहिल्या पाण्याबरोबर वाहून जातं.

आजीचा_बटवा
राग कसला. मी स्वतः कधी वापरून पाहिल्या नव्हत्याच, ऐकीव होतं.

टॉर्चवाला
आता माझ्या आवडीचा विषय. एक आणि तीनसाठी अंदाज कशाला, कॅमेरा लावा. ट्रॅप कॅमेरा कोणाकडून उसना मिळत असेल तर उत्तम. अंगाची ऊब हलली की तो फोटो घेतो आणि रात्री अवरक्त दिव्यावर चालतो, डोळ्यांना झगमगाट नाही.

लावताना लोक हमखास ज्या गोष्टी विसरतात त्या सांगतो. उंची माणसाच्या छातीएवढी नको, गुडघ्याच्याही खाली लावा, आपलं जनावर बुटकं आहे. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको, उगवता-मावळता सूर्य समोर आला की नुसते पांढरे फोटो. समोरचं हलणारं गवत कापा, नाहीतर सकाळी शेकडो फोटो आणि सगळ्यात गवत. आणि तारीख-वेळ आधी बरोबर लावा! सगळा पुरावा त्या वेळेत असतो.

कॅमेरा नसेल तर बारीक वाळू. फळीने सपाट करा, किंचित ओली ठेवा. सकाळी वरून बघू नका, टॉर्च जमिनीलगत आडवी धरा. आडव्या उजेडात ठशाच्या कडांची सावली पडते आणि जे वरून अजिबात दिसत नव्हतं ते उठून दिसतं.

माळरान
वाळूच्या सल्ल्याला जोड देतो. ठशात बोटं मोजा. चार बोटं आणि पुढे नखांचे ठिपके: कुत्रा, कोल्हा. चार बोटं, नखं नाहीत, ठसा गोलसर: मांजर. ते चालताना नख्या आत ओढतं. पाच बोटं आणि नखं: मुंगूस किंवा उदमांजराच्या जातीतलं कोणीतरी. उंदीर-घुशीच्या पुढच्या पायाला चार बोटं दिसतात आणि मागच्या पायाला पाच. दोन खुरांचा जोड आणि मागे दोन ठिपके: रानडुक्कर. पण डुक्कर आलं असतं तर तुम्ही "खड्डे" हा शब्द वापरलाच नसता. त्याने नांगरल्यासारखी पट्टेच्या पट्टे जमीन उलथून ठेवली असती.

मधेच शेपटी ओढल्याची नागमोडी रेघ आणि दोन्ही बाजूंना पंजे असतील तर घोरपड. तीही उकरते, भुंगेऱ्यांसाठी, अंड्यांसाठी, पण दिवसा.

निवडुंग
भावाकडे कॅमेरा होता! लॉनच्या कडेला लावला. पहिल्या रात्री काही नाही. मांजर तीनदा, आणि दर वेळी कॅमेऱ्याकडे बघून. सकाळी मी आठच्या ऐवजी साडेपाचला उठून टॉर्च घेऊन बघितलं, एकही नवा खड्डा नव्हता. परत झोपले. आठला गेले तर चार खड्डे!!

कॅमेऱ्यात सहा चाळीसला मुंगूस. जोडी आहे. एक उकरतंय आणि दुसरं बाजूला मागच्या पायांवर उभं राहून बघतंय. पुढच्या नख्यांनी पटापट खणायचं, नाक घालायचं, काहीतरी चावायचं, पुढे. एका खड्ड्याला पाव मिनिटसुद्धा नाही.

माळरान
म्हणून विचारलं होतं की रात्री पाहिलंय का. "सकाळी दिसला म्हणजे रात्री झाला" असं सगळे धरून चालतात, आणि मग दिवसा फिरणारी जनावरं यादीतून आपोआप गळतात. मुंगूस दिवसाचंच. सूर्य उगवल्यावर कामाला लागतं.

फुलपाखरू
मुंगूस मी म्हटलं होतं हां!

खोडसाळ_खार
सरळसोट यांना घूस लागली, फुलपाखरू यांना मुंगूस. तिसरं बक्षीस अजून शिल्लक आहे. नोंदी सुरू.

दूरदेशी
साळिंदर?

टॉर्चवाला
साळिंदर. दात वाचून.

सरळसोट
घूसच. मी पक्ष बदलत नाही.

निवडुंग
पाणी जायच्या जागेपाशी नीट बघायला माळरान यांनी सांगितलं होतं, ते आज केलं. बाहेरच्या बाजूला वाळक्या पानांत हे मिळालं, फोटो बघा. माझ्या वितीएवढं, पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक, काळे-पांढरे पट्टे, दोन्ही टोकं निमुळती. वजन असं काहीच नाही, आतून पोकळ वाटतं. शिवाय कोपऱ्यातल्या एका झाडाची साल खालून वीतभर उंचीपर्यंत सोललेली आहे, हे मला आजवर दिसलंच नव्हतं.

माळरान
साळिंदराचा काटा. बक्षीस दोघांत वाटून द्या.

दात, साल, काटा, तिन्ही जुळतंय. साळिंदर कुरतडणाऱ्या प्राण्यांतलंच, म्हणून दात पटाशीसारखे, पण घुशीच्या मानाने कितीतरी रुंद. कंद काढायची तऱ्हाही वेगळी. घूस जमिनीखालून बोगद्याने येते, वरून वेल धड दिसतो आणि उपटायला गेलं की खाली रताळ्याची नुसती साल. साळिंदर वरून सरळ उपसतं, वेल बाजूला टाकून देतं. मोठं झालेलं ११ ते १८ किलोचं असतं, त्यामुळे एका रात्रीत वाफा साफ करणं त्याला काहीच नाही. साल सोलायची सवय मात्र झाडाला घातक, खोडाला पूर्ण गोल सोलली गेली तर ते झाड वाळतं. त्या झाडाला आजच जाळी गुंडाळा.

ते काटे फेकून मारतं ही भाकडकथा आहे. काटे सैल असतात, गळतात, आणि धोका वाटला की ते पाठमोरं होऊन मागे धडक देतं. तेवढंच. पण म्हणूनच कुत्र्याला त्याच्या मागे सोडायचं नसतं. तोंडात रुतलेले काटे काढायला डॉक्टरकडे न्यावं लागतं.

आणि हो, ते वन्यजीव आहे. पिंजरा, फास, वीज, यातलं काहीही करणं बेकायदा आणि क्रूर. कुंपणच करायचं.

अळूचं_पान
कॅमेरा आता वाफ्यावर लावू नका, त्या भोकावर लावा. साळिंदर रोज तीच वाट धरतं.

टॉर्चवाला
+१. भोकाच्या समोर नको, तिरका लावा. समोरून फक्त नाक आणि अंधार मिळतो.

बिनपाण्याचा_नळ
इतका वेळ वाचत होतो. एक शंका. खवले मांजर असू शकत नाही का? तेही खणतं ना?

माळरान
खणतं, पण फक्त मुंग्या आणि वाळवीसाठी. दात नाहीतच त्याला, रताळं काय खाणार. वारूळ फोडलेलं आणि त्यात खोल नख्यांचे ओरखडे असतील तर विचार करावा. आणि कोणाला खरंच तसं दिसलं तर कृपा करून इथे जागेसकट फोटो टाकू नका. त्याच्या खवल्यांसाठी चोरटी शिकार होते. वनखात्याला कळवा आणि गप्प बसा.

निवडुंग
आले! म्हणजे साळिंदर आलं. रात्री पावणेदोन. आधी नाक, मग काटे टेकवून सरपटत आत, मग अंग झटकलं. त्या झटकण्याचा आवाज व्हिडिओत चक्क ऐकू येतो, सळसळ अशी. काकूंना दाखवला. "साप बरा होता" म्हणाल्या.

आता काय करू? पाणी जायची जागा बंद केली तर पावसात बाग तुंबेल.

माळरान
बंद नको. तिथे लोखंडी सळयांची जाळी बसवा, सिमेंटमध्ये रोवून, सळयांत चार बोटांहून जास्त फट नको. साधी कोंबडीजाळी साळिंदर कुरतडतं. भिंतीला इतरत्र पाया उथळ असेल तर खालून खणेल. तिथे जाळी फूटभर खोल पुरा आणि तळाशी बाहेरच्या अंगाला वळवा, म्हणजे खणणाऱ्याच्या नख्यांना जाळीच लागते. जनावर भिंतीला चिकटून खणतं, दोन पावलं मागे जाऊन खणायचं त्याला सुचत नाही.

मात्र जाळी लावण्यापूर्वी साळिंदर आत अडकलेलं नाही याची खात्री करा. रात्री बाहेर गेल्याचा फोटो मिळाला की सकाळी लावा.

घुशीसाठी जाळी लागेल ती बारीक, अर्ध्या इंचाहून मोठी भोकं नकोत. बीळ बुजवायचं ते शेवटी, बोळा दोन-तीन रात्री जागचा हलला नाही की मग. दगड, वर जाळी, वर माती. जिवंत घूस आत असताना बुजवलं तर ती शेजारून दुसरं तोंड काढते.

मुंगसांना हात लावू नका. घुशीची पिल्लं तीच खातात.

अळूचं_पान
आणि हुमणीचं माझ्याकडून. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, हुमणीला रोग आणून मारते, माणसाला आणि मुंगसाला त्रास नाही. ओल्या मातीत, संध्याकाळी. उन्हात ती बुरशीच मरते. लगेच गुण दिसत नाही, धीर धरा. पिवळा पडलेला भाग हाताने उलटून अळ्या वेचल्या तरी बराच फरक पडतो, छोट्या लॉनला मी तेच करते. वेचलेल्या अळ्या ताटलीत उघड्यावर ठेवा, साळुंक्या आणि कावळे हिशेब पूर्ण करतात.

अजून एक. खत म्हणून हाडांचा चुरा किंवा मासळीचं खत घातलंय का? त्या वासाने कुत्री, घुशी सगळे उकरतात. मग जनावराला दोष देत बसतो आपण.

निवडुंग
हाडांचा चुरा घातला होता, गुलाबांना. तिथे मात्र कोणी उकरलं नाही, देवाची कृपा. पुढच्या वेळी नाही घालणार.

बाभूळ
धागा वर काढतोय, दोन प्रश्न घुसवतो. एक, आमच्या ओसरीच्या कडेला कोरड्या मातीत बोटाच्या पेराएवढे सुबक शंकू आहेत, ओळीने. दोन, विहिरीजवळच्या ओलीत गोल भोकं, आणि भोकाच्या कडेने चिखलाच्या गोळ्यांची कड.

माळरान
पहिली मुंगीसिंहाची. किड्याची अळी आहे, तळाशी मातीत दबून बसते आणि घसरलेली मुंगी पकडते. गवताची काडी शंकूच्या उतारावर हळूच फिरवा, खालून माती उडवेल. काही करायची गरज नाही.

दुसरा खेकडा. चिखलाच्या गोळ्या तोच बाहेर आणून ठेवतो.

खोडसाळ_खार
आणि कुंड्यांमध्ये दोन बोटं खोल, इवलेसे, इकडे एक तिकडे एक, आत शेंगदाणा? ते कोण करतं यावर मी भाष्य करणार नाही.

निवडुंग
अपडेट: सळया बसल्या. साळिंदर त्यानंतर दोनदा येऊन बाहेरून हुंगून गेलं, कॅमेऱ्यात आहे. पिंजऱ्यात एक घूस सापडली, आणि बोळा अजून रोज बाहेर येतोय, म्हणजे दुसरी कोणीतरी त्या बिळात राहायला आली. पिंजरा परत लावलाय. सरळसोट, तुम्ही काही बोलू नका.

सरळसोट
मी कुठे काय बोललो.